कामठ्याचा नमुना

चेतनाला ठेवायचं की सोडायचं हे गुरुवारी पाच वाजता ठरणार होतं, आणि ठरवणार होता कामठ्याचा धान.

आमची कंपनी गोंदियात, गंज बाजाराच्या मागे, एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या माडीवर आहे. धानातला ओलावा मोजायची यंत्रं आम्ही बनवतो. राईस मिलवाले घेतात, खरेदी केंद्रवाले घेतात. मूठभर धान वाटीत टाकायचा, बटण दाबायचं, आकडा येतो. सतरा टक्क्यांच्या आत आला तर पोती आत जातात. वर गेला तर शेतकरी आणि केंद्रवाला दोघेही आधी एकमेकांकडे बघतात, मग यंत्राकडे, आणि शेवटी मला फोन लावतात. फोन उचलणं आणि कोणतं यंत्र कोणत्या दिवशी कुठे गेलं ते जावक रजिस्टरात लिहिणं, हे माझं काम. यंत्राच्या पोटातला प्रोग्राम चार जण लिहितात. त्यातलं मला काही कळत नाही, पण लिहिणारे कळतात. उमेंद्र सर सगळ्यांत जुने. ते दिवसातून सरासरी नऊ वेळा 'हो जाएगा' म्हणतात, त्यातले चार होतात. ओमेशची टेस्ट पास झाली की तो खुर्ची गर्रकन फिरवतो, नापास झाली की लाईटच्या व्होल्टेजला नावं ठेवतो. मोनाली सालेकसाकडची, तिचं बोलणं इतकं कमी की तिच्या नावावर तक्रारही निघत नाही आणि कौतुकही. आणि चेतना सगळ्यांत नवी. कामठ्याहून रोज स्कूटीने येते, उन्हाळ्यात हातमोजे घालते आणि हिवाळ्यात विसरते.

तिला सहा महिन्यांच्या परखीवर घेतलं होतं. ते संपले तेव्हा आमचे मालक इंद्रकुमारजी म्हणाले, अजून दोन महिने पाहू. ते दोन महिने या गुरुवारी संपत होते. याआधी ती नागपुरात एका कंपनीत वर्षभर होती. तिथे दिवसाला एकशे दहा लोकांना 'आपली तक्रार नोंदवली आहे' असं सांगायचं काम होतं, आणि परत तिथे जाण्यापेक्षा चिखलात धानाच्या रोवणीला गेलेली बरी, असं तिने मला एकदा चहा पिताना सांगितलं होतं. ती उगाच बोलणाऱ्यांतली नाही, म्हणून मी ते लक्षात ठेवलं.

इंद्रकुमारजींनी अट सरळ ठेवली होती. दर हिवाळ्यात तक्रार यायची की थंडीच्या सकाळी यंत्र कोरड्या धानालाही ओला म्हणतं. ते दुरुस्त कर. कामठ्याचा नमुना पास झाला तर कायम, नाही झाला तर राम राम.

नमुन्याची गोष्ट अशी. मागच्या चार हंगामांतल्या तीनशे नमुन्यांचे आकडे आमच्या सर्व्हरवर साठवून ठेवले आहेत. प्रत्येक नमुन्याचं खरं उत्तर भट्टीत धान वाळवून काढलेलं आहे. प्रोग्राममध्ये कोणी टिंबाएवढा बदल केला तरी तीनशेच्या तीनशे नमुने त्यातून पुन्हा काढायचे. नवं दुरुस्त करताना जुनं मोडलं नाही ना, एवढंच बघायचं असतं. हे काम करणारा सर्व्हर एकच, सगळ्यांचा मिळून, आणि जुना, म्हणून त्याला सगळे बुढा म्हणतात. या तीनशेंत दोनशे बारा नंबरचा नमुना डिसेंबरातल्या एका सकाळी कामठ्याला घेतलेला. खरं उत्तर सोळा पूर्णांक एक. आमचा प्रोग्राम सांगायचा सतरा पूर्णांक चार. म्हणजे आत जाणारी पोती बाहेर.

सोमवारी सकाळी चेतनाने दुरुस्ती केली. टेबलावरचं यंत्र जेवणाचे डबे ठेवायच्या फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवून गार केलं, कामठ्याच्या नमुन्याचे आकडे त्यात भरले, उत्तर सोळा पूर्णांक एक. पुन्हा गार केलं, पुन्हा तेच. मग तयार झालेली प्रोग्रामची फाईल तिने बुढ्यावर लावायला नेली.

बुढ्यावर नंबर लावायची आमची एक रीत आहे. बस फलाटाला लागायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं. सर्व्हरवर 'रुमाल' नावाचं एक फोल्डर आहे. ज्याला टेस्ट चालवायची त्याने आपल्या नावाची चिठ्ठी त्यात टाकायची. आपली फाईल कुठे ठेवली आहे ते त्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं. सकाळी अकरा, दुपारी एक आणि तीन, अशा तीन वेळा बुढा फोल्डर बघतो आणि टेस्ट चालवतो. काम झालं की आपला रुमाल आपण उचलायचा. ही व्यवस्था उमेंद्र सरांनी तीन वर्षांपूर्वी बसल्या बैठकीत केली आणि पंधरा मिनिटांत केली, हे ते स्वतःच अभिमानाने सांगतात.

मागच्या वर्षी ओमेशचा रुमाल हेमेंद्र नावाच्या एका मुलाने काढून फेकला होता आणि आपला लावला होता. त्यावरून दोघे इतके भांडले की खालच्या दुकानातले खिळे घेणारी गिऱ्हाइकं वर बघायला आली. हेमेंद्र आता रायपूरला असतो. तेव्हापासून उमेंद्र सरांनी एक बंदोबस्त केला: फोल्डरात कोणाचा रुमाल असेल तर नवा लावायला गेलं की पडद्यावर 'जागा भरलेली आहे' असं येतं. आणि दुसऱ्याच्या रुमालाला हात लावायचा नाही, हे न लिहिताच सगळ्यांना पाठ झालं.

सोमवारी फोल्डरात मोनालीचा रुमाल होता. ती कचारगडच्या डोंगरावरच्या जत्रेत सेवा द्यायला आठ दिवसांच्या सुट्टीवर गेली होती. तिचा पूर्ण गाव जातो. चेतनाने मला विचारलं, काय करू. मी म्हटलं, मी फोन उचलणारा माणूस. मग ती काहीतरी करून आली आणि तिची टेस्ट लागली, एवढं मी पाहिलं.

दीड-पावणेदोनला रिपोर्ट आला. वर नाव चेतनाचं, प्रोग्रामचा नंबर चार पूर्णांक दोन, दोनशे नव्व्याण्णव पास, एक नापास. कामठा, सतरा पूर्णांक चार.

उमेंद्र सरांनी वाचलं आणि म्हणाले, "तुया गावचाच धान तुले नापास करून राहिला."

ओमेश हसला. चेतनाही हसली, कारण सोमवार होता. ती म्हणाली की टेबलावर सोळा पूर्णांक एक येतं, बुढ्याकडेच काही वेगळं होत असेल. त्यावर सर म्हणाले की बुढा सगळ्यांसाठी सारखा आहे, तू तुझा कोड पाहा. कोड पाहा हे वाक्य डॉक्टरच्या 'पाणी जास्त प्या'सारखं असतं, चूक कधीच ठरत नाही.

मंगळवारी तिने ती दुरुस्ती पुसून दुसऱ्या पद्धतीने केली. टेबलावर सोळा पूर्णांक एक. बुढ्याकडे सतरा पूर्णांक चार. आकडा शेंडीच्या केसाइतकाही हलला नाही. तिने मला सांगितलं की चुकलं असतं तर कमीत कमी वेगळं चुकायला पाहिजे होतं. मला हे पटलं. माणूस दोनदा पडला तर दोन्ही वेळा त्याच गुडघ्याला, त्याच जागी, तेवढंच खरचटत नाही.

त्याच दिवशी अकराच्या पाळीत उमेंद्र सरांची टेस्ट होती. यंत्रातून छापील पावती निघते, ती मराठीत यावी म्हणून त्यांनी काम केलं होतं. त्यांचीही दोनशे नव्व्याण्णव पास, एक नापास, आणि तो नापास नमुना चेतनाच्या वाट्याचा म्हणून त्यांच्या हिशेबी तीनशे पास. तीनच्या पाळीत ओमेशचंही तसंच. खुर्ची फिरली. दुपारी सरांचा प्रोग्राम भरलेली अकरा यंत्रं अर्जुनीकडच्या केंद्रांवर निघाली. इटियाडोह धरणाच्या पाण्याचा भाग, तिकडे अजून खरेदी चालूच होती. मी रजिस्टरात अकरा ओळी लिहिल्या.

बुधवारी चेतना कोडवर संशय घ्यायचा सोडून बाकी जगावर घ्यायला लागली. आधी टेबलावरच्या यंत्राची वायर बदलली. मग यंत्र बदललं. मग फ्रिज बंद करून बाहेर गच्चीवर ठेवलं, कारण तिला वाटलं की फ्रिजचा गारवा आणि कामठ्याचा गारवा वेगळा असेल. उमेंद्र सरांचं म्हणणं पडलं की नमुनाच खराब असेल. पण टेबलावर त्याच नमुन्याचं उत्तर बरोबर येत होतं, त्यामुळे ते म्हणणं त्यांनी स्वतःच अर्ध्यावर सोडलं. ओमेशने व्होल्टेज सांगितलं. मग म्हणाला की दसऱ्याच्या पूजेत बुढ्यावर हळद जास्त पडली होती. ते त्याने गंमत म्हणून सांगितलं, पण चेतना उठली आणि ओल्या फडक्याने हळद पुसून आली. तेव्हा मला कळलं की पोरगी आता घाबरली आहे.

एकच्या पाळीआधी ती माझ्या टेबलाशी आली.

"काका, आज रुमाल लावायचं बटण तुम्ही दाबा ना. माया हाताचाच दोष असन."

मी दाबलं. माझ्या हातानेही सतरा पूर्णांक चारच आलं. ती म्हणाली की तिला आता आपण काय लिहिलं आणि काय पुसलं हेच आठवत नाही. तीन दिवसांत पाच वेळा तेच काम पाच तऱ्हांनी केलं होतं, आणि पाचही वेळा टेबल हो म्हणत होतं, बुढा नाही म्हणत होता. घरी वडिलांनी, चुन्नीलालभाऊंनी, विचारलं होतं की कायम झाली का. तिने सांगितलं होतं, गुरुवारी. आता ती विचार करत होती की नागपूरच्या जुन्या साहेबाला आजच फोन करावा की उद्या. मी म्हटलं, उद्या कर, आज तो जेवायला गेला असेल. याहून शहाणं मला सुचलं नाही.

गुरुवारी सकाळी ती आली तेव्हा चेहरा वेगळा होता. रडून झालेल्या माणसाचा असतो तसा, कोरडा. पावणेअकराला तिने प्रोग्रामची एक फाईल तयार केली आणि बुढ्यावर लावली. आम्हांला काही सांगितलं नाही. अकराला टेस्ट सुरू झाली. पावणेबाराला रिपोर्ट निघाला. तिने तो वाचला, उमेंद्र सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

दोनशे नव्व्याण्णव पास, एक नापास. कामठा, सतरा पूर्णांक चार.

सर म्हणाले, वही तो है, नवीन काय.

"सर, आजचा प्रोग्राम मी मुद्दाम मोडला आहे," चेतना म्हणाली. "काहीही टाका, धान टाका, माती टाका, तो नव्व्याण्णवच सांगतो. टेबलावर करून पाहा."

सरांनी तिच्या टेबलावर जाऊन वाटीत धान टाकला. नव्व्याण्णव. वाटी रिकामी ठेवली. नव्व्याण्णव. ओमेशने आपलं बोट ठेवलं. बोटही नव्व्याण्णव टक्के ओलं निघालं. मग तिघांनी मिळून रिपोर्टाकडे पाहिलं, ज्यात त्याच प्रोग्रामने दोनशे नव्व्याण्णव नमुन्यांची खरीखुरी उत्तरं दिली होती.

मलाही कळलं ते हळूहळू कळलं. जो मुलगा परीक्षेला बसलाच नाही तो पास कसा होतो? होतो, जर त्याच्या नावावर दुसराच कोणी पेपर लिहीत असेल तर. बुढा चार दिवस चेतनाचं नाव लिहून दुसऱ्याच कोणाची फाईल तपासत होता.

कोणाची, ते शोधायला दहा मिनिटं लागली. रिपोर्टावर प्रोग्रामचा नंबर चार पूर्णांक दोन असतो, पण सध्या चौघांच्याही फायलींचा नंबर तोच, म्हणून तो बघून कोणालाच शंका आली नव्हती. सरांनी बुढ्याच्या पोटातली फाईल उघडून तारीख पाहिली. शुक्रवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. मोनालीची.

तिला फोन लावला. तिकडे नगारे वाजत होते आणि रेंज येत-जात होती. सरांनी दोनदा विचारलं की तुझी टेस्ट अजून चालू आहे का, रुमाल कायले ठेवला. तिसऱ्यांदा तिला ऐकू गेलं.

"रुमाल? तो तं विसरून आली जी मी," मोनाली म्हणाली. "माझं काम शुक्रवारीच झालं होतं. फेकून काऊन नाही देला?"

आणि रेंज गेली.

एक प्रश्न सुटला तर दुसरा उभा राहिला. उमेंद्र सरांनी आठवून सांगितलं की रिपोर्टावर नाव पडद्यावरून नंबर लावणाऱ्याचं येतं, पण फोल्डरात दोन रुमाल असले तर बुढा फाईल शेवटी टाकलेल्या रुमालाची धरतो. मागाहून येणाऱ्याला घाई असते, असा विचार त्यांनी तेव्हा केला होता. मग मोनालीचा रुमाल शुक्रवारचा आणि चेतनाचा आजचा, तर चेतनाचाच धरायला पाहिजे. सरांनी फोल्डराची नोंद उघडली. मोनालीचा रुमाल शेवटचा टाकला गेला होता आज सकाळी, दहा बावन्नला.

मोनाली आत्ता आमच्याशी डोंगरावरून बोलली होती.

सर खुर्चीत मागे रेलले. म्हणाले की बाहेरून कोणीतरी आपल्या सर्व्हरमध्ये शिरलं आहे. ओमेशने रायपूरचं नाव घेतलं. हेमेंद्रला सगळे पासवर्ड माहीत होते, आणि राग तर होताच. पासवर्ड बदलायचं ठरलं, पोलिसांत सायबरवाला कोणी ओळखीचा आहे का यावर चर्चा झाली. मी माझ्या टेबलावरून तिघांकडे बघत होतो. चेतनाचे कान लाल झाले होते.

ती म्हणाली, "रुमाल मी ठेवला, सर."

मग तिने सांगितलं. सोमवारी 'जागा भरलेली आहे' असं आलं तेव्हा तिने मोनालीचा रुमाल तात्पुरता बाजूला काढला, आपला लावला, आणि लगेच मोनालीचा पुन्हा हाताने होता तिथे नेऊन ठेवला. आपल्यामुळे तिची जागा जायला नको. दुसऱ्याच्या रुमालाला हात लावायचा नाही हे पहिल्या आठवड्यातच तिला ओमेशने बजावलं होतं. तेव्हापासून रोज, प्रत्येक टेस्टच्या आधी, ती तेच करत होती. आणि हाताने परत ठेवलेला रुमाल बुढ्याच्या लेखी आत्ता टाकलेला, म्हणजे शेवटचा.

म्हणजे चार दिवस जिची दुरुस्ती नापास होत होती, तीच स्वतःच्या हाताने आपल्या जागेवर मोनालीला बसवून येत होती, तेही भल्या मनाने.

ओमेश खिडकीकडे बघू लागला. मी त्याच्याकडे बघू लागलो. थोड्या वेळाने तो म्हणाला की मंगळवारी त्यानेही तसंच केलं होतं. त्याला वाटलं होतं आपणच एकटे करतो. उमेंद्र सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. त्यांचा चष्मा ते दिवसातून एकदा, सकाळी आल्यावर पुसतात.

चेतनाच्या ते माझ्यानंतर लक्षात आलं, पण फार उशिरा नाही. तिने विचारलं, मंगळवारी अकराच्या पाळीत सरांनी रुमाल कसा लावला होता. सर म्हणाले, त्यांची टेस्ट पास झाली आहे. ती म्हणाली, हो, पण कोणाची.

एकच्या पाळीला फोल्डर पूर्ण रिकामं करून फक्त तिचा रुमाल टाकला. मोडकी फाईल नाही, बुधवारची खरी. ती जेवली नाही, डबा उघडून समोर ठेवून बसली. पावणेदोनला रिपोर्ट निघाला. तीनशे पास. कामठा, सोळा पूर्णांक एक. तिने तो कागद मला दाखवला आणि विचारलं की हे खरं समजायचं का. चार दिवस खोटं सांगणाऱ्यावर त्याच दुपारी विश्वास ठेवणं कठीण असतं, जरी तो आपल्या बाजूने बोलत असला तरी. मग तिनेच मोडकी फाईल लावून बघायची म्हणून दोनला एक जादा पाळी घेतली. तीनशे नापास. तीनशे नापासचा रिपोर्ट पाहून इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

तीनच्या पाळीला तिने सरांची फाईल लावू का विचारलं. सरांनी आधी सांगितलं की आज राहू दे. मग म्हणाले की पावतीचं काम आहे, आकड्याला हात लावलेला नाही. ती उभीच राहिली. शेवटी त्यांनी स्वतःच जाऊन रुमाल टाकला.

एकोणतीस नापास. अर्ध्या मिनिटाच्या आत लागोपाठ दुसरा नमुना टाकला की पडद्यावर बरोबर आकडा यायचा आणि पावतीवर आधीच्या माणसाचा छापला जायचा. सुंदर मराठीत. आणि केंद्रावर रांग असते, तिथे अर्धा मिनिट कोण थांबतो? मी रजिस्टर उघडलं. अकरा यंत्रं, मंगळवार दुपारपासून.

पाच वाजायला वीस मिनिटं असताना सरांनी चेतनाला आणि मला जिन्यात बोलावलं. त्यांनी जे सांगितलं त्याचा सारांश असा: इंद्रकुमारजींना फक्त कामठ्याचा नमुना हवा आहे, तो पास झाला आहे. तिचं पत्र होऊ द्यावं. मधल्या चार दिवसांचं विचारलं तर सर्व्हर खराब होता म्हणावं. अकरा यंत्रं ते स्वतः सोमवारपर्यंत गुपचूप बदलून आणतील. रुमालाची गोष्ट निघाली तर पहिलं नाव तिचंच निघेल, कारण कबुली तिने दिली आहे. ते धमकी देत नव्हते, हे मी सांगितलं पाहिजे. घाबरलेला माणूस दुसऱ्याला आपल्याच छत्रीखाली घ्यायला बघतो.

चेतनाने विचारलं, "आणि उद्या-परवा जे केंद्रावर येतील ते?"

सर म्हणाले, दोनच दिवसांचा प्रश्न आहे.

मला वाटलं ती ऐकणार. खरं सांगायचं तर मी तिच्या जागी असतो तर ऐकलं असतं.

पाच वाजता आम्ही चौघे इंद्रकुमारजींच्या केबिनमध्ये. त्यांच्या वडिलांची राईस मिल होती. धानाचं पोतं पायाने दाबून आत काय आहे सांगायची सवय मुलात आली आहे. त्यांनी तीनशे पासचा रिपोर्ट वाचला, मान हलवली, आणि टाईप करून ठेवलेलं पत्र पुढे ओढलं. मग पेन हातात धरूनच विचारलं की बुधवारपर्यंत नापास होतं ते आज कसं झालं. सर म्हणाले, बुढा खराब झाला होता, आता ठीक आहे.

इंद्रकुमारजींनी पेन खाली ठेवलं. "बुढा खराब होता, तर मंगळवारी तुमचं कसं पास केलं?"

ओमेशने माझ्याकडे पाहिलं, जणू उत्तर रजिस्टरात असेल. होतं म्हणा, पण विचारलं मला नव्हतं.

चेतना म्हणाली, "बुढा ठीक होता जी. रुमाल मी चुकीचा ठेवून राहिली होती. चार दिवस. आणि मंगळवारी जी यंत्रं गेली, ती तपासलेली नाहीत. पावती चुकीची निघून राहिली. उद्या सकाळी केंद्र उघडायच्या आधी थांबवायला पाहिजे."

मग सगळं बाहेर आलं, रुमाल, मोनाली, कचारगड, दहा बावन्न. इंद्रकुमारजींना ते तीनदा समजावून सांगावं लागलं. पहिल्यांदा त्यांना वाटलं मोनालीने लबाडी केली. दुसऱ्यांदा वाटलं ओमेशने. तिसऱ्यांदा कळलं की लबाडी कोणीच केली नाही, सगळ्यांनी एकमेकांची जागा राखली, आणि त्या राखण्यात काम बुडालं. त्यांनी डोकं धरलं. चोराला काढता येतं, आळशाला काढता येतं, म्हणाले, पण सभ्यपणासाठी माणसं काढायची कशी, हे मले कोणी शिकवलं नाही.

मला म्हणाले, "केशोराव, अकराही केंद्रांना आत्ता फोन. पावती देऊ नका, पडद्यावरचा आकडा हाताने लिहा म्हणावं."

मी जागेवरूनच फोन लावायला सुरुवात केली. नऊ जणांनी उचलला. एकाने विचारलं की दोन दिवसांच्या पावत्यांचं काय. मी म्हटलं, नंबरसह यादी करून ठेवा. दरम्यान इंद्रकुमारजी पत्राकडे बघत बसले होते. कायम करायचं पत्र. एकदा सही करायला वाकले आणि थांबले. मग सही केली, आणि सहीखाली हाताने एक ओळ लिहिली. कागद चेतनाला दिला आणि उमेंद्र सरांना म्हणाले की तुम्ही बसा, तुमच्याशी बोलायचं आहे.

बाहेर येऊन तिने कागद वाचला. मग मला वाचायला दिला. सहीखाली लिहिलं होतं: 'अकरा यंत्रे बदलून आल्यावर लागू.'

"काका, म्हणजे मी झाली का नाही झाली?"

मी कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं. वीस वर्षांत मी अनेक पत्रं जावक केली, पण सही झालेलं आणि तरी लागू न झालेलं पत्र माझ्या हातून गेलं नव्हतं. ते कोणत्या तारखेने लिहायचं हेही मला समजेना. मी म्हटलं, घरी काही सांगू नको, किंवा सांग, तुझी मर्जी.

तिने फोन काढला. वडिलांचं नाव पडद्यावर आलं, तिने बोट जवळ नेलं, आणि फोन परत ठेवून दिला. मग माझ्या रजिस्टरातली मंगळवारची पानं तिने स्वतःकडे ओढून घेतली आणि विचारलं की न उचललेली ती दोन केंद्रं कोणती, आणि अर्जुनीच्या गाडीला आत्ता किती वेळ आहे.